यंत्राला लेखक न मानणारा करार

यंत्राला कविता लिहिता येईल का, हा प्रश्न गेल्या दोन-तीन वर्षांत मराठी परिसंवादांतून इतक्यांदा विचारला गेला आहे की त्याची उत्तरेही आता पाठ झाली आहेत. एक वक्ता म्हणतो, यंत्राला अनुभव नाही, म्हणून येणार नाही. दुसरा म्हणतो, आपल्याकडच्या बऱ्याच कवींनाही अनुभव नाही, तरी त्यांना येते. सभागृह हसते, मग चहा होतो. प्रश्न वाईट नाही. पण तो विचारणाऱ्याची चूल त्यावर पेटत नसते. ज्यांची चूल लेखनावरच पेटते अशा सुमारे साडेअकरा हजार माणसांनी २०२३ साली अमेरिकेत १४८ दिवस संप केला, आणि करार करताना त्यांनी हा प्रश्न सरळ बाजूला ठेवला. यंत्राला लिहिता येते की नाही हे त्यांनी ठरवले नाही. यंत्राने लिहिलेला कागद लेखकासमोर टाकून त्याचा मोबदला कमी करता येईल का, त्याचे नाव खाली ढकलता येईल का, एवढेच त्यांनी ठरवून घेतले.

‘रायटर्स गिल्ड ऑफ अमेरिका’ या पटकथालेखकांच्या संघटनेचा तो करार मी गेले वर्षभर पुन्हा पुन्हा वाचतो आहे. मी ना कायद्याचा पदवीधर, ना अर्थशास्त्राचा. जुळारी म्हणून छापखान्यात लागलो, पुढे मुद्रितशोधक झालो, आता अनुवादाची कामे करतो. ओळीत कुठला शब्द का बसवला आहे हे पाहण्याची सवय त्या धंद्याने लावली, आणि हा करार मी त्याच सवयीने वाचला. कामगार करार हा वाङ्मयप्रकार नव्हे हे मला मान्य आहे. पण ‘लेखक कोण’ या प्रश्नाचे अलीकडचे सर्वांत काटेकोर उत्तर मला कुठल्या समीक्षाग्रंथात नव्हे, या करारात सापडले. म्हणून त्याची समीक्षा एका वाङ्मयीन अंकात करायला हरकत नसावी.

आधी घडले काय ते थोडक्यात. संघटनेचा जुना करार १ मे २०२३ रोजी संपत होता. निर्मात्यांच्या आघाडीपुढे तिने अनेक मागण्या ठेवल्या होत्या. कृत्रिम बुद्धिमत्तेबाबत त्यांतल्या तीन होत्या. यंत्राने लेखन वा पुनर्लेखन करू नये; यंत्राने लिहिलेले ‘मूळ साहित्य’ म्हणून वापरू नये; आणि कराराखाली लिहिलेल्या संहिता यंत्राला शिकवण्यासाठी वापरू नयेत. निर्मात्यांनी हे नाकारले आणि त्याऐवजी वर्षातून एकदा तंत्रज्ञानाच्या प्रगतीवर चर्चा करण्यासाठी बैठक घेऊ, असे सुचवले. २ मेपासून संप सुरू झाला, तो २७ सप्टेंबरला थांबला. ऑक्टोबरमध्ये ९९ टक्के मतांनी करार मंजूर झाला.

‘वर्षातून एकदा बैठक’ हे उत्तर नीट न्याहाळावे असे आहे. कामगारांना आवाज द्यायला हवा असे आज सगळेच म्हणतात. कंपन्या म्हणतात, सरकारे म्हणतात, जागतिक परिषदा म्हणतात. त्या वाक्यातल्या आवाजाचा अर्थ बहुतेक वेळा तेवढाच असतो : वर्षातून एकदा टेबलाभोवती बसा, बोला, आम्ही ऐकू. ऐकून पुढे काय करायचे हे ऐकणाऱ्याच्या मर्जीवर. गिल्डने तो आवाज नाकारला आणि त्याऐवजी व्याख्या मागितली. माझ्या मते या सबंध प्रकरणातली महत्त्वाची गोष्ट हीच आहे.

व्याख्येने काय साधले हे समजायला त्या धंद्यातला एक व्यवहार माहीत हवा. हॉलीवूडमध्ये पहिली संहिता लिहिणाऱ्याला एक दर आणि दुसऱ्याने लिहिलेली संहिता दुरुस्त करणाऱ्याला दुसरा, कमी दर असतो. श्रेयनामावलीतही पहिल्या लेखकाचा हक्क मोठा असतो, आणि श्रेयावर पुढच्या प्रक्षेपणांचे पैसे अवलंबून असतात. आता समजा, निर्मात्याने यंत्राकडून एका रात्रीत शंभर पानांची संहिता काढून घेतली. ती टाकाऊ असेल. पण आहे तर खरी. सकाळी तो लेखकाला बोलावतो आणि म्हणतो, हा पहिला खर्डा तयार आहे, तुम्ही फक्त हात फिरवा. लेखक सगळे नव्याने लिहितो; पैसे मिळतात हात फिरवल्याचे. इथे कुणाची नोकरी गेली नाही, कुणाला काढले नाही. कामाचे नाव तेवढे बदलले.

करारातले कृत्रिम बुद्धिमत्तेचे कलम नेमके या सकाळवर बोट ठेवते. यंत्र हा लेखक नव्हे. म्हणून त्याने काढलेला मजकूर कराराच्या अर्थाने ‘साहित्य’ नव्हे. आणि म्हणून तो ‘मूळ साहित्य’ही नव्हे. निर्मात्याने असा मजकूर हाती दिला तरी मोबदला आणि श्रेय ठरवताना तो नाहीच असे धरायचे. लेखक पहिला लेखकच राहतो. शिवाय दिलेल्या कागदांत यंत्राचा मजकूर असेल तर तो आहे, हे निर्मात्याने सांगितलेच पाहिजे. लेखकाला स्वतःला यंत्र वापरायचे असेल तर निर्मात्याच्या संमतीने वापरता येते. पण वापरच, अशी सक्ती त्याच्यावर करता येत नाही. ‘येथे यंत्र लावू नका’ असे हे कलम कुठेच म्हणत नाही, हे ध्यानात घेतले पाहिजे. यंत्र खुशाल लावा, पण त्यामुळे माणसाच्या मोबदल्याला कात्री लागणार नाही, एवढेच ते म्हणते. यंत्र लावण्यामागचा एक मोठा मोह त्यामुळे आपोआप लुळा पडतो. बंदीपेक्षा हे अधिक हुशारीचे आहे असे मला वाटते.

ही हुशारी २०२३ साली अचानक सुचलेली नाही. पडद्यावर ‘लेखन : अमुक’ असे कुणाचे नाव जाईल हे ठरवण्याचा अधिकार या संघटनेकडे १९४०च्या दशकापासून आहे. वाद झाला तर संघटनेचेच लवाद लेखक सगळे खर्डे वाचून निवाडा देतात. म्हणजे ‘लेखक कोण’ याचा निकाल देण्याचे काम ती ऐंशी वर्षे करीत आली होती. यंत्र हा तिच्यासमोरचा फक्त नवा दावेदार. त्यात जुन्या ठेचेचीही आठवण होती. घरगुती व्हिडिओ कॅसेटी आल्या तेव्हा १९८०च्या दशकात लेखकांनी फार कमी वाट्यावर समझोता केला आणि तो पुढे त्यांना सतत सलत राहिला. २००७ साली इंटरनेटवरच्या प्रसारणासाठी १०० दिवसांचा संप झाला, तो त्या सलापोटीच. तंत्र रुळून गेल्यावर हक्क मागायला गेले की दार बंद असते, हे त्यांना दोनदा कळले होते.

एक गोष्ट मात्र विजयाची वर्णने करणारे सहसा सांगत नाहीत. संप चालू असतानाच, ऑगस्ट २०२३मध्ये, अमेरिकेतल्या एका संघीय न्यायालयाने मानवी कर्ता नसलेल्या कलाकृतीला कॉपीराइट मिळत नाही असा निकाल दिला. तिथल्या कॉपीराइट कार्यालयाचीही भूमिका तीच होती. ज्या संहितेवर मालकी सांगता येत नाही ती निर्मात्याला नकोच असते. म्हणजे यंत्राला लेखक न मानण्यात निर्मात्यांचाही स्वार्थ होता. यंत्राचा वापर कॉपीराइटला बाधक ठरेल तिथे तो नाकारण्याचा हक्क त्यांनी करारात राखून ठेवला आहे, तो उगाच नव्हे. संघटनेचे श्रेय यामुळे कमी होत नाही. पण दोन्ही बाजूंची गरज जिथे जुळली तिथे कलम पक्के झाले आणि जिथे जुळली नाही तिथे ढिले राहिले, हे मान्य करायला हवे.

ढिले राहिले ते तिसऱ्या मागणीचे कलम. लेखकांच्या संहिता यंत्राला शिकवायला वापरू नयेत, ही मागणी मान्य झाली नाही. असा वापर करार वा कायद्याच्या विरुद्ध आहे असे म्हणण्याचा आपला हक्क संघटनेने राखून ठेवला, एवढेच. करारांच्या भाषेत ‘हक्क राखून ठेवणे’ म्हणजे भांडण पुढे ढकलणे. संहितांची मालकी कॉपीराइटसह निर्मात्यांकडे असते. तेव्हा जुन्या संहितांचा तो सारा ढीग यंत्रापुढे ठेवायचा की नाही, हे शेवटी मालकाच्या हातात उरले. सांगण्याच्या बंधनालाही मर्यादा आहे. निर्मात्याच्या कचेरीत कुणी यंत्राकडून कल्पना काढून घेतली आणि ती तोंडी सांगितली, तर तिचा माग कसा काढणार? वर्षातून दोनदा बैठक घेण्याचे कलमही करारात आहेच. म्हणजे नाकारलेली बैठक दुप्पट होऊन परत आली! फक्त आता तिच्या पाठीशी व्याख्या आहे.

हे सगळे परक्या देशातले, लठ्ठ मानधनाच्या धंद्यातले, असे वाचकांना वाटेल. मलाही प्रथम तसेच वाटले होते. मग माझे टेबल आठवले.

चारेक वर्षांपूर्वीपर्यंत मला इंग्रजी मजकूर येई आणि मी मराठी करून देई. दर शब्दाला ठरलेला. आता ज्या एजन्सीकडून मला सर्वाधिक काम येते ती इंग्रजीसोबत मराठीही पाठवते, यंत्राने केलेले. सूचना एका ओळीची असते : फक्त नजर फिरवा. दर पूर्वीच्या तिसऱ्या हिश्शाएवढा. गेल्या वर्षी एका मालिकेच्या संवादांचे काम आले. पहिल्या भागात ‘अंकल’चे सगळीकडे ‘काका’ झाले होते. चौथ्या भागात कळते की तो मनुष्य नायिकेच्या आईचा भाऊ आहे. मग ‘मामा’ करत मागे जायचे. आणि मामा झाला की बोलण्याची धाटणीही बदलते, कारण आपल्याकडे मामाशी भाची ज्या सलगीने बोलते तसे काकांशी बोलेलच असे नाही. सून सासूला ‘तू’ म्हणत होती. तिथे ‘तुम्ही’ केले की क्रियापदे बदलतात, क्रियापदे बदलली की वाक्य लांबते, वाक्य लांबले की ते पडद्यावरच्या ओठांत बसत नाही. शेवटी तीन भाग मी नव्याने लिहिले. बिलावर मात्र ‘तपासणी’ असेच लिहावे लागले.

हॉलीवूडचा लेखक ज्या सकाळीला घाबरत होता ती सकाळ माझ्याकडे येऊन गेली होती. फरक एवढाच की त्याच्याकडे करार होता आणि माझ्याकडे एजन्सीचा मोबाइल नंबर.

असे का? माझ्या समजुतीप्रमाणे याचे एक कारण मानाचे आहे. अमेरिकन पटकथालेखकाने फार पूर्वी एक सौदा केला. तो कॉपीराइट सोडतो. संहिता निर्मात्याची होते आणि तो कायद्याने निर्मात्याचा नोकर ठरतो. नोकर ठरल्यामुळे त्याला संघटना करून सामूहिक वाटाघाट करता येते. त्याच देशात कादंबरीकार स्वतःच्या पुस्तकाचा मालक असतो, आणि म्हणूनच त्याला तसे करता येत नाही. स्वतंत्र धंदेवाल्यांनी एकत्र येऊन दर ठरवणे तिथे स्पर्धाविरोधी कायद्यात अडकते. लेखकपणाची मालकी देऊन कामगारपणाचा हक्क घेतला, असा हा व्यवहार. आपल्याकडे लेखक, अनुवादक, संवादलेखक स्वतःला कामगार म्हणवून घ्यायला राजी नाहीत. साहित्य संमेलनात ठराव होतात, दर ठरत नाहीत. मुंबईत पटकथालेखकांची कामगार संघटना कायद्याखाली नोंदलेली संघटना आहे आणि तिने लेखकांसाठी पुष्कळ धडपड केली आहे. पण सबंध उद्योगाला बांधणारा असा किमान करार तिच्या हाती नाही. पुस्तकांच्या आणि जाहिरातींच्या अनुवादकांना तर तेवढेही छत्र नाही.

कायदाही या मानापमानात सामील आहे. २०२५पर्यंत लागू असलेल्या औद्योगिक विवाद कायद्यातली ‘कामगार’ची व्याख्या अंगमेहनतीचे, कुशल, तांत्रिक, कारकुनी काम करणाऱ्यांना पोटात घेत असे. गोव्यातल्या एका शिक्षिकेच्या खटल्यात सर्वोच्च न्यायालयाने १९८८ साली सांगितले की शिक्षक या व्याख्येत बसत नाहीत; शिकवणे हे उदात्त कार्य आहे, कारकुनी नव्हे. उदात्त ठरवून दाराबाहेर उभे करण्याची ही रीत लेखकांच्याही परिचयाची आहे.

जे दाराच्या आत आहेत त्यांना यंत्राबद्दल काय विचारता येते? याच कायद्याच्या नवव्या-अ कलमानुसार चौथ्या परिशिष्टातल्या बाबींत बदल करायचा तर मालकाने कामगारांना २१ दिवसांची नोटीस द्यायची असे. त्या परिशिष्टात यंत्रसामग्रीच्या वा तंत्राच्या सुधारणेचा उल्लेख होता, पण एका अटीसह : त्यातून कामगारकपात होण्याचा संभव असला पाहिजे. २०२०च्या औद्योगिक संबंध संहितेतही हीच बाब, हीच अट आहे. यामागे आपला इतिहास आहे. १९२८ साली मुंबईचे गिरणी कामगार जवळजवळ सहा महिने संपावर गेले तेव्हा एक मोठा प्रश्न होता तो विणकराने दोनांऐवजी तीन साचे सांभाळण्याचा; तीन साच्यांमागे एक माणूस म्हटल्यावर किती घरी बसतील हे गिरणगावात पोरालाही मोजता येत होते. १९८०च्या दशकात बँक कर्मचाऱ्यांच्या संघटनांनी संगणकाविषयी करार केले, त्यांतही भर होता तो कपात न होण्यावर आणि यंत्र चालवणाऱ्याच्या भत्त्यावर. माणसे मोजण्याची ही पद्धत त्या त्या काळी योग्यच होती. परंतु माझ्या टेबलावर जे घडले त्यात कपात शून्य आहे. एक अनुवादक होता, एक अनुवादक आहे. ‘अनुवाद’ गेला आणि ‘तपासणी’ आली. कायद्याच्या त्या परिशिष्टाला हा बदल दिसतच नाही, आणि कृत्रिम बुद्धिमत्ता पुष्कळ ठिकाणी याच वाटेने येणार आहे.

माणसे मोजण्यापलीकडे जाण्याचा जुना प्रयत्न नॉर्वेत झाला होता, आणि त्याकडे आपल्या अभ्यासकांनी अधिक लक्ष द्यायला हवे होते. क्रिस्टन नीगॉर हा तिथला संगणकशास्त्रज्ञ; सिम्युला ही संगणकभाषा घडवणाऱ्या दोघांपैकी एक, ज्या कामासाठी पुढे दोघांना ट्युरिंग पुरस्कार मिळाला. १९७०च्या दशकाच्या आरंभी तो लोखंड व धातू कामगारांच्या संघटनेबरोबर काम करू लागला. त्याने आधी तज्ज्ञांसारखे अहवाल लिहायचे ठरवले होते. लवकरच त्याच्या ध्यानात आले की अहवालाने संघटनेच्या हाती काही पडत नाही. मग त्याने ठरवले की स्थानिक संघटना जे करू लागेल तेच संशोधनाचे फलित. कामगारांसाठी पाठ्यपुस्तके लिहिली गेली, कारखान्यातल्या संगणकप्रणालींची त्यांनी स्वतः छाननी केली. १९७५ साली कामगार आणि मालक यांच्या देशपातळीवरच्या संघटनांत करार झाला. त्याने संगणकाच्या बाबी पाहणारा वेगळा कामगार-प्रतिनिधी मान्य केला, आणि नव्या प्रणालीची माहिती तज्ज्ञ नसलेल्या माणसालाही समजेल अशा भाषेत दिली जावी असे बंधन घातले. भाषेविषयीचे कलम कामगार करारात! मुद्रितशोधकाला याहून आनंदाची गोष्ट कोणती असणार? आपल्याकडे यंत्राविषयीच्या नोटिशी कामगाराच्या भाषेत काढायच्या ठरल्या तर त्या मराठीत लिहिताना किती जणांची तारांबळ उडेल हे डोळ्यांसमोर आणून पाहावे.

तरीही दोहोंत निवड करायची तर आज मी हॉलीवूडची वाट निवडीन. नॉर्वेचा करार कारखाना गृहीत धरतो : एक छत, एक मालक, निवडून दिलेला प्रतिनिधी. पटकथालेखक कायद्याने नोकर असला तरी आज या निर्मात्याकडे, उद्या त्या, अशीच त्याची भटकंती असते. तरी संघटना सबंध धंद्याशी एकदम बोलते, आणि बोलते ती यंत्राबद्दल नव्हे, कामाच्या नावाबद्दल. छत नसलेल्या आमच्यासारख्यांना एवढेच उचलण्याजोगे आहे.

मार्च महिन्यात आम्ही सहा अनुवादक एका घरी जमलो. दोघींनी सांगितले की त्यांनाही ‘नजर फिरवा’ची कामे येतात, एकाने सांगितले की त्याला आता दुसरे काही येतच नाही. रात्री उशिरापर्यंत बसून आम्ही एका पानाचे दरपत्रक केले. त्यात एक ओळ अशी घातली : यंत्राने केलेला मराठी मजकूर सोबत दिला असला तरी दर ठरवताना तो दिलेला नाही असे समजले जाईल. दुसरी ओळ : असा मजकूर यंत्राचा असल्यास काम पाठवतानाच तसे कळवावे. संघटना नाही, नोंदणी नाही. सहा सह्या आहेत. ते पान आम्ही आपापल्या काम देणाऱ्यांना पाठवले. दोन लहान प्रकाशकांनी मान्य केले, त्यांतल्या एकाने तर दूरध्वनी करून शब्दरचना विचारून घेतली. माझ्या एजन्सीचे उत्तर आले नाही. एप्रिलपासून कामही आलेले नाही. आमच्यापैकी दोघांनी सही मागे घ्यायची का असे विचारले आहे. त्यांच्या घरची परिस्थिती आम्हाला ठाऊक आहे, त्यामुळे अजून कुणी त्यांना उत्तर दिलेले नाही. पुढची बैठक दिवाळीनंतर आहे.